सोळा उभ्या, एकोणीस आडव्या

रविवारी सकाळी भाची आली, रॅकेट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मामा, गटिंग तुटलं." रॅकेटच्या जाळीला ही सगळी पोरं गटिंगच म्हणतात. पूर्वी ती जनावराच्या आतड्यापासून करत, त्यावरून हे नाव पडलं. आता पॉलिस्टरची तार आली तरी नाव तेच राहिलं.

सुरतच्या उधन्यात राहणाऱ्या माणसाला तुटलेली तार दिसली की त्याचा हात आपसूक गाठ मारायला जातो. आमचा अर्धा खानदेश या गाठींवरच इथे जगला. जळगावहून निघणारी रेल्वेची ताप्ती लाइन तीनशे किलोमीटर धावून उधन्याला येऊन संपते. म्हणून अमळनेर-नंदुरबारकडची माणसं इथे उतरली आणि लूम्सच्या खात्यात शिरली. मीही त्यातलाच, फक्त मागावर नाही, टेबलावर. बिम किती आले, ताके किती उतरले, कुणाचे किती मीटर भरले, हे लिहिण्यात माझा जन्म गेला. समोर धागे दिसले की मी मोजतो. रॅकेटचेही मोजले. सोळा तारा उभ्या, एकोणीस आडव्या. एक वर, एक खाली, अगदी साधी वीण. ताणा सोळाचा, बाणा एकोणीसचा.

मग सवयीने पिक मोजायचं भिंग काढलं. पितळी घडीचं, एका इंचाच्या चौकटीचं. साडीच्या ग्रे कापडावर ते ठेवलं की साठ-सत्तर आडवे धागे सुईच्या टोकाने एकेक सरकवत मोजावे लागतात. रॅकेटवर ठेवलं तर चौकटीत दोन तारा दिसल्या. भाची हसली. "याला कापड म्हणतात का, मामा?"

नवीन तारेचं पाकीट तिने सोबत आणलं होतं. त्यावर 12 मीटर लिहिलेलं. म्हणजे दोन साड्यांची लांबी. काट्यावर टाकली तर वजन 20 ग्रॅम. आता डेनिअर काढायचा मोह कसा आवरणार? 9,000 मीटर धाग्याचं जे वजन ग्रॅममध्ये भरतं तो त्याचा डेनिअर. 12 मीटरला 20 ग्रॅम, तर 9,000 मीटरला 15,000 ग्रॅम. पंधरा हजार डेनिअर! आमच्याकडे साडीला 75 डेनिअरचा धागा लागतो. तसले दोनशे धागे एकत्र वळावेत तेव्हा रॅकेटची एक तार होईल. गटिंगवाला ही तार 52 पाउंडांवर ओढून बसवतो, म्हणजे साडेतेवीस किलो. अशा पस्तीस ओळींची बेरीज कागदावर आठशे किलोंच्या वर जाते. आणि ज्या चौकटीने हा ताण पेलायचा ती रॅकेट जेमतेम तीनशे ग्रॅमची, पावशेरापेक्षा थोडी जड.

भाचीच्या खोलीत भिंतीवर टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाचं एक जुनं चित्र आहे. 1956 साली प्रागमध्ये जन्मलेली, 1975 मध्ये अठराव्या वर्षी देश सोडून अमेरिकेत आश्रय मागणारी बाई. या जाळीतून एका जन्मात किती काम निघू शकतं हे बघायचं तर तिचं खातं उघडावं. एकेरीत 1,442 सामने जिंकली, 219 हरली. दुहेरीत 747 जिंकली, 143 हरली. एकेरीची 167 विजेतेपदं, दुहेरीची 177. मिश्र दुहेरी यात धरलेली नाही. 1983 साली वर्षभरात 86 सामने जिंकले आणि फक्त एक हरला. पुढच्या वर्षी एकेरीत सलग 74 सामने जिंकत गेली, आणि ती साखळी तोडली तिच्याच मूळ देशाच्या एकोणीस वर्षांच्या हेलेना सुकोव्हाने. पॅम श्रायव्हरबरोबर दुहेरीत तर सलग 109. विम्बल्डनची मिश्र दुहेरी आपल्या लिअँडर पेसबरोबर जिंकली ती 2003 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. शेवटचं ग्रँड स्लॅम 2006 चं, पन्नाशीला जेमतेम महिना उरला असताना.

एकेरी-दुहेरी मिळून हे 2,551 सामने होतात. रोज एक, रविवार-दिवाळी काही न पाळता खेळायचे म्हटले तर सात वर्षांना चार दिवस कमी. एका सामन्यात साधारण सव्वाशे गुण खेळले जातात, प्रत्येक गुणात तिचे दोन-तीन फटके, दुहेरीत त्याहून कमी. मी आपला ढोबळ अंदाज धरला: जन्मभरात सहा लाख फटके.

आकडा लिहिला आणि सवयीप्रमाणे शेजारी मागाचा आकडा मांडला. आडव्या धाग्याच्या एका फेऱ्याला आम्ही पिक म्हणतो. साधा माग मिनिटाला 120 पिक टाकतो असं धरलं, तर बारा तासांच्या पाळीत 86,400 होतात. दिवसात सेकंद असतात बरोब्बर तेवढेच. म्हणजे मार्टिनाने आयुष्यभर जेवढे फटके मारले तेवढे पिक आमचा एक धोट्याचा माग सात पाळ्यांत टाकतो. साडेतीन दिवस. सोमवारी सकाळी सुरू केला तर गुरुवारी संध्याकाळी तिचं आख्खं करिअर संपलेलं, आणि कापड निघालं अडीचशे मीटर.

भाचीला हे मुळीच पटलं नाही. "मागाचा प्रत्येक पिक सारखाच ना? आमचा तसा नसतो."

पोरगी बरोबर बोलली. मागावरचा चाळीस हजारावा पिक आणि चाळीस हजार एकावा पिक यांचा भाव एकच. टेनिसमध्ये एक गुण कवडीमोल असतो आणि पुढचा लाखमोलाचा, कारण तिथली वही विचित्र पद्धतीने लिहिली जाते. चार गुण झाले की गेम, सहा गेम झाले की सेट, दोन सेट घेतले की सामना. आणि प्रत्येक टप्प्याला खातं बंद! शिल्लक पुढे ओढायची नाही. तुम्ही सेट 6-0 घेतलात काय आणि 7-6 घेतलात काय, वहीत एकच काडी. माझ्या मालकाने असा हिशेब ठेवायला सांगितला असता तर मी नोकरी सोडली असती.

या पद्धतीत काय काय बसतं ते कागदावर करून पाहा. समजा सामना 6-4, 0-6, 6-4 असा सुटला. जिंकणारीने बारा गेम घेतले, प्रत्येक गेम काठावर, चार गुण स्वतःचे आणि दोन समोरचीचे. हरलेले चौदा गेम मात्र तिने एकही गुण न घेता सोडले. करा बेरीज. जिंकणारीचे गुण 48. हरणारीचे 24 आणि 56, मिळून 80. ऐंशी गुण घेणारी बॅग उचलून घरी जाते आणि अठ्ठेचाळीसवालीच्या हातात चषक. मी तीन वेळा बेरीज तपासली. चूक नाही.

इतकं टोकाचं खऱ्या मैदानावर कोण पाहणार, पण त्याचं धाकटं भावंड विम्बल्डनच्या अंतिम सामन्यातच घडलेलं आहे. ब्रनो हे चेक प्रजासत्ताकातलं गाव, मोराव्हियाचं मँचेस्टर म्हणून ओळखलं जाणारं, लोकरी कापडाच्या गिरण्यांचं. याना नोव्होत्ना तिथली, जन्म 1968 चा. 1993 च्या अंतिम सामन्यात समोर स्टेफी ग्राफ. तिसऱ्या सेटमध्ये याना 4-1 ने पुढे, सर्व्हिस तिची, गुण 40-30. एक गुण मिळाला की 5-1. तिने दुसरी सर्व्हिस मारली ती रेषेच्या कितीतरी बाहेर. डबल फॉल्ट. तो गेम गेला, मग त्यापुढचा, असे ओळीने पाच गेले. ग्राफ जिंकली 7-6, 1-6, 6-4. बक्षीस समारंभात याना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ते छायाचित्र जगभर छापून आलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिची ओळख त्या छायाचित्रावरच राहिली.

छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. गेमची बेरीज फारशी कुणी केली नसावी. ग्राफचे सात, एक, सहा: चौदा. यानाचे सहा, सहा, चार: सोळा. रडणारीने दोन गेम जास्त घेतले होते.

त्या छायाचित्राखाली दडलेली तिची वही मोठी आहे. एकेरीची 24 आणि दुहेरीची 76, मिळून बरोबर शंभर विजेतेपदं. ग्रँड स्लॅममध्ये दुहेरीची 12, मिश्रची 4. ऑलिंपिकची तीन पदकं. 1997 मध्ये पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात हरली, त्या वेळी मार्टिना हिंगीसकडून. 1998 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी एकदाची जिंकली, नताली तोझियाला 6-4, 7-6 असं हरवून. ग्रँड स्लॅमची एकेरी तिच्या नावावर एवढी एकच. शंभरातली एक, आणि लोक विचारतात ते तिच्याबद्दलच. 2017 मध्ये कर्करोगाने गेली तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती.

आता आपल्या माणसांकडे येतो. बार्शी हेही गिरणीचंच गाव, सोलापूर जिल्ह्यातलं. तिथली प्रार्थना ठोंबरे 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्य घेऊन आली. दोनच वर्षांनी ही जोडी रिओ ऑलिंपिकला उतरली. प्रार्थना तेव्हा बावीस वर्षांची. पहिल्याच फेरीत चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई समोर आल्या. निकाल 6-7, 7-5, 5-7. दुसऱ्या दिवशी पेपरात एका वाक्यात बातमी: भारताच्या महिला पहिल्या फेरीत गारद. गारद म्हटलं की वाटतं, उभ्या आडव्या झोडपल्या असतील. बेरीज करा. आपल्या मुलींचे सहा, सात, पाच: अठरा गेम. चिनी जोडीचे सात, पाच, सात: एकोणीस. सदतीस गेमच्या सामन्यात एका गेमचा फरक. त्यातही पहिल्या सेटचा टायब्रेक गेला तो 8-6 असा, दोन गुणांनी. आमच्याकडे शंभर मीटरच्या ताक्यात दोन-अडीच मीटरचा फरक आला तर व्यापारी हू की चू करत नाही, घेऊन जातो. तिकडे त्या अडीच मीटरवर बार्शीच्या पोरीचं ऑलिंपिक पहिल्या दिवशीच संपलं.

दुसरी गोष्ट उलटी आहे. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून परत आली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीत रोहन बोपण्णाबरोबर उतरली. ती सत्तावीस, तो त्रेचाळीस. अंतिम सामना 30 सप्टेंबरला, चिनी तैपेईची जोडी समोर. निकाल 2-6, 6-3, 10-4. शेवटचा आकडा सेटचा नाही. मिश्र दुहेरीत तिसरा सेट पूर्ण न खेळता दहा गुणांचा टायब्रेक खेळतात. पहिल्या दोन सेटची बेरीज केली तर आपले गेम आठ, त्यांचे नऊ. वही आपल्या विरुद्ध होती. मग चौदा गुणांच्या त्या शेवटच्या तुकड्यात दहा घेतले आणि सुवर्णपदक गळ्यात पडलं.

मी हे तीन सामने एका पानावर एकाखाली एक लिहिले. ब्रनो 16-14, हार. बार्शी 18-19, हार. श्रीरामपूर 8-9, सुवर्ण. भाचीने पान पाहिलं आणि म्हणाली, "मग मोजायचं कशाला?"

या प्रश्नाला रॉजर फेडररने एक आकडा देऊन ठेवला आहे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्याने सांगितलं, की आपण एकेरीचे 1,526 सामने खेळलो, त्यातले जवळजवळ 80 टक्के जिंकलो, आणि एकूण गुणांपैकी जिंकले ते फक्त 54 टक्के. शंभरातले चोपन्न! समोरच्यापेक्षा आठ जास्त. आमच्या धंद्यात नफा मीटरमागे पैशांत मोजतात, त्यामुळे मला हा आकडा ऐकून धक्का बसला नाही, उलट ओळखीचा वाटला. पैशांचाच खेळ आहे, फक्त तो लाखो मीटरवर ओढायचा. गंमत एवढीच की ते पैसे कोणत्या मीटरला सुटणार हे आधी कळत नाही.

देशांचा हिशेब मात्र मला अजून लागलेला नाही. चेक प्रजासत्ताक क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढं. लोकसंख्या एक कोटी नऊ लाखांच्या आसपास. आमच्या सुरत शहराची 2011 च्या जनगणनेत पावणेपंचेचाळीस लाख भरली होती, म्हणजे त्या वेळच्या अडीच सुरत एकत्र केल्या की तो देश झाला. एवढ्याशा देशात 1998 पासून 2024 पर्यंत विम्बल्डनची महिला एकेरी पाच वेळा गेली. नोव्होत्ना एकदा, पेत्रा क्वितोव्हा 2011 आणि 2014 अशी दोनदा, मार्केता व्होंद्रोउशोव्हा 2023 मध्ये मानांकन नसताना, आणि 2024 मध्ये बार्बोरा क्रेयचिकोव्हा. महिलांच्या सांघिक विश्वचषकात, ज्याला फेड कप म्हणत, जुना चेकोस्लोव्हाकिया धरून अकरा वेळा पहिले. आपल्याकडे मुंबईत जन्मलेली लीला राव 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. तिची आई क्षमा राव संस्कृत कवयित्री, आणि स्वतः टेनिस खेळणारी. सुरुवात काही उशिरा झाली नव्हती. त्यानंतर एकेरीत सगळ्यात वर पोचली ती सानिया, 2007 मध्ये, क्रमांक 27.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 मुली उतरतात. सामने 127 होतात आणि प्रत्येक सामन्यात एक हरते. पंधरा दिवसांत 127 जणी हरून घरी जातात, एक राहते. तिने फक्त सात सामने जिंकायचे. 2024 च्या विम्बल्डनला विजेतीला 27 लाख पाउंड होते, पहिल्याच फेरीत हरणारीला 60 हजार. एकास पंचेचाळीस. यानाने सगळ्या कारकिर्दीत मिळून सव्वाअकरा लाख नव्हे, सव्वाअकरा दशलक्ष, म्हणजे सुमारे 1 कोटी 12 लाख डॉलर कमावले. त्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम क्रेयचिकोव्हाला त्या एका पंधरवड्यात मिळाली.

आणि क्रेयचिकोव्हाही ब्रनोचीच. 2014 मध्ये, अठरा वर्षांची असताना, ती आईबरोबर यानाच्या दाराशी एक चिठ्ठी घेऊन गेली होती, मला मार्गदर्शन कराल का म्हणून. यानाने केलं. यानाला स्वतःला घडवलं होतं हाना मांदलिकोव्हाने, चार ग्रँड स्लॅमवालीने. म्हणजे तीन पिढ्या एका धाग्यात, आणि फेडरेशनच्या कुठल्याही आकडेवारीत हा रकाना नाही. 2024 चा अंतिम सामना क्रेयचिकोव्हाने 6-2, 2-6, 6-4 असा घेतला. गेम चौदा विरुद्ध बारा. तेव्हा वही तिच्या बाजूने होती. सामना संपल्यावर तिला आत विजेत्यांच्या नावांचा फलक दाखवला, त्यावर यानाचं नाव पाहून ती रडली.

संध्याकाळी भाची रॅकेट घेऊन आली, गटिंग नवं, काळं, टणक. बोटाने वाजवलं तर तंबोऱ्यासारखं वाजलं. पाकिटातल्या बारा मीटरपैकी गटिंगवाल्याने हातभर तुकडा कापून परत दिला होता. तो मी खणात टाकला. आठ वाजले होते. खात्यातली दिवसाची पाळी बाहेर पडत होती, रात्रीची आत शिरत होती. मधल्या पाच-सात मिनिटांत माग थांबतात तेव्हा उधन्यात कानाला काहीतरी टोचल्यासारखं होतं.

"काल हरलीस ना?" मी विचारलं. "किती?"

"4-6, 6-1, 4-6."

मी बोटांवर मोजायला लागलो. चार आणि सहा दहा, आणि चार चौदा. समोरचीचे सहा, एक, सहा.

"सांगू नको, मामा," ती म्हणाली. "मला माहितीय."